उडत्या तारा, उतरत्या तारा

"ताई, तुमच्याकडचा सगळ्यात बारीक दोरा दाखवा."

लग्नसराई होती आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझं जळगावात मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, बटणं, दोरे, आणि मागच्या बाजूला पिकोचं मशीन. काउंटरच्या कडेला हे गृहस्थ उभे. पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेन्सिली, गळ्यात दोरीला लटकवलेलं भिंग. बायकोनं पाठवलेली पुरुषमंडळी मला लांबूनच ओळखू येतात. त्यांच्या हातात कापडाचा तुकडा असतो आणि तोंडावर भीती असते. यांच्याकडे दोन्ही नव्हतं.

"कशाला लावायचाय? कॉटनला का सिल्कला?"

"विमानाला."

"कशाला?"

"विमानाला, ताई. दोन पंखी विमान आहे. तारा लावायच्यात."

मी मनात म्हटलं, आज सकाळी उठून कोणाचं तोंड पाहिलं होतं देव जाणे. तरी पन्नास रंगांचा डबा पुढे सरकवला. त्यांनी एक रीळ उचललं, वीतभर दोरा काढला, उजेडात धरला आणि भिंग माझ्यासमोर केलं. "बघा." मी पाहिलं. जो दोरा मी वर्षानुवर्षं 'एकदम गुळगुळीत, काकू' म्हणून विकत आले, तो भिंगाखाली सुरवंटासारखा केसाळ दिसत होता. मला रागच आला.

"शिवणीत नाही दिसत हो हे तूस."

"शिवणीत नाही दिसत, पण विमानात दिसतं. माझं विमान खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाचं आहे. त्याला हा दोरा म्हणजे खऱ्या विमानाला परकराचा नाडा बांधल्यासारखं होईल."

गर्दीतल्या बायका फिस्सकन हसल्या. ते हसले नाहीत. त्यांनी विनोद केलेलाच नव्हता. हे आमचे भास्करनाना. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, आणि खरं सांगायचं तर मला अजून त्याबद्दल काही वाटलेलं नाही. वाटेल, वाटेल म्हणून वाट पाहतेय. मिस्टर गेले तेव्हाही माझं असंच झालं होतं, म्हणून आता मी त्याची काळजी करत नाही.

नाना मूळचे धुळ्याचे. सगळी नोकरी तिथल्याच एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली. बायको गेल्यावर मुलानं, प्रशांतनं, त्यांना जळगावला आणलं. प्रशांत बँकेत आहे आणि त्यांचं घर आमच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळे दोऱ्यावरून सुरू झालेली ओळख चहापर्यंत आणि चहावरून भरीत-भाकरीपर्यंत पोचली. चहा बिनसाखरेचा, कारण नानांची साखर कायम वाढलेली. विमानाचं वेड कुठून लागलं असं कोणी विचारलं की म्हणायचे, "दारू पिणाऱ्याला कोणी विचारतं का, कुठून लागली म्हणून? मग मलाच का विचारता?"

हे वेड म्हणजे काय, ते मी आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. पूर्वी, म्हणजे विमानं नुकती उडायला लागली तेव्हा, ती लाकडाची आणि कापडाची असत. एकावर एक असे दोन पंख, मध्ये बारीक खांब, आणि ते सगळं सरळ राहावं म्हणून आडव्या-तिडव्या ताणलेल्या तारा. अशा विमानांची छोटी प्लॅस्टिकची किटं मिळतात. सुटे भाग जोडायचे, रंगवायचे. तेवढं बरेच लोक करतात. तारांपाशी आले की सोडून देतात. नाना उलटे. जोडणं आणि रंगवणं ते उरकायचे, आणि तारांना लागले की कुठे दिवस उगवला, कुठे मावळला. "तारा नसल्या तर ते विमान नाही, ताई. चार फळ्यांची मांडणी आहे," असं म्हणायचे. आणि कोणी 'किती वेळ लावता हो' म्हणालं, की ठरलेलं उत्तर: "घाईच असेल तर एका पंखाचं विमान घ्यावं माणसानं."

त्यांच्या काही गोष्टींचा मला फार त्रास व्हायचा. विमान कोणी हातात घेऊन भुर्र केलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे. बोलायचे नाहीत, फक्त जायचे. समोरचा माणूस ओशाळून विमान खाली ठेवायचा. दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत ते वेगळंच. मी इतके दोरे शोधून दिले त्यांना, पण एखादी तार ओवू का म्हटलं, की, "नको. दुसऱ्याचा हात लागला की विमान दुसऱ्याचं होतं." असं तोंडावर! मी म्हटलं, ठेवा तुमचं विमान तुमच्यापाशी, मला काय करायचंय. आणि स्वतः मात्र कधी विमानात बसले नाहीत. प्रशांतनं एकदा दिल्लीची तिकिटं काढायची म्हटली, तर म्हणाले, "त्याला तारा नसतात." संपला विषय.

धुळ्याच्या घरात त्यांची विमानं काचेच्या कपाटात राहिली होती. ती जळगावला आणायची तर दोन एका खोक्यात मावत नाहीत, मावली तर तारा एकमेकींत अडकतात. म्हणून नाना एसटीनं जायचे आणि केकच्या खोक्यात एक विमान मांडीवर घेऊन परत यायचे. पुन्हा जायचे, पुन्हा एक. प्रशांत म्हणायचा, गाडी करतो, एका फेरीत सगळी आणू. नानांना ते पटत नव्हतं. अशाच एका खेपेला कंडक्टरनं अहिराणीत विचारलं, "काय शे आबा डबामा?"

"इमान शे."

"मंग बसमा काब्र बसनात? उडीसन जावानं ना!"

सगळी बस हसली. नाना शांतपणे म्हणाले, "तारा बाकी शेतस त्याना."

कंडक्टरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं त्यांना उठवून पुढच्या सीटवर आणलं आणि खड्डा आला की ड्रायव्हरला ओरडायला लागला, "धीरे रे भाऊ, इमान शे!" पारोळ्याला बस थांबली तेव्हा खाली भजी विकणाऱ्यालासुद्धा माहीत झालं होतं की आत विमान आहे. हे सगळं नानांनी मला सांगितलं ते हसण्यासाठी नाही. एरंडोलपाशी त्यांनी खोकं उघडून पाहिलं तर एक तार तुटलेली होती, आणि तेवढी तार सोडून बाकी प्रवास चांगला झाला, असं त्यांना सांगायचं होतं.

हे ऐकलं आणि मीही त्या तारांच्या नादी लागले, दोऱ्यापुरती का होईना. आधी त्यांना मेण लावलेला दोरा करून दिला. तूस बसलं, पण महिन्याभरात मेणावर धूळ बसून तारा मळक्या दिसायला लागल्या. मग त्यांनी जुनी युक्ती काढली. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, तिचा तुकडा दिव्यावर धरून मऊ करायचा आणि दोन्ही हातांनी ओढायचा. केसासारखा तंतू निघतो. थंडीत ते विमान असं सुरेख दिसत होतं की मी मुद्दाम बघायला जायचे. मग आपला जळगावचा मे महिना आला. पंखा गरम हवा फेकतोय, भिंती तापलेल्या, आणि एका दुपारी पाहिलं तर सगळ्या तारा ओल्या चादरी वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबलेल्या. मी हळहळले. नाना म्हणाले, "प्लॅस्टिक आहे. दुसरं काय करेल?" आणि चिमट्यानं एकेक तार काढत बसले. अख्खी दुपार.

प्रशांतचे सासरे फैजपूरचे, केळीवाले. त्यांच्या कानावर गेलं की व्याह्यांना बारीक दोरा पाहिजे. ते केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, काढलेला धागा घेऊन आले, चांगली जाडजूड पेंडी. "आपल्या मातीतला माल आहे, व्याही! विमान काय, बैल बांधा!" नानांनी मान राखला. त्यातला एक तंतू सुटा केला, बोटांनी चोळला, भिंगाखाली धरला, पाणी लावून ताणला. तुटला. दुसरा ताणला, तोही तुटला. "बैल बांधायला उत्तम," नाना म्हणाले. व्याही खूश झाले. ती पेंडी पुढे किती तरी दिवस नानांच्या खिडकीत टांगलेली होती.

शेवटी नायलॉन टिकला. साडीवर मणी टाकायला पारदर्शक दोरा वापरतात, त्यातला सगळ्यात बारीक. काळ्या स्केचपेनच्या टोकावरून ओढून घेतला की तारेसारखा दिसतो. नानांची पद्धत अशी. पंखाला बोटांनी फिरवायच्या ड्रिलनं केसाएवढी भोकं आधीच पाडून ठेवायची. इंजेक्शनची वापरलेली सुई कापून तिच्या तीळभर नळ्या करायच्या आणि त्या दोऱ्यावर ओवायच्या, म्हणजे खऱ्या विमानात तार आवळायचा स्क्रू असतो तसं दिसतं. "साखरेनं एवढं तरी दिलं," असं सुया कापताना म्हणायचे. मग दोरा ओवून खालच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लटकवायचा, म्हणजे गोंद सुकेपर्यंत वजनानं ताण राहतो. सुरुवात मधून, आणि बाहेर बाहेर जायचं. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक. एकच बाजू पुरी केली तर पंखाला पीळ बसतो. आणि सगळं झाल्यावर, कुठे जराशी ढील राहिलीच, तर पेटलेली अगरबत्ती त्या तारेजवळ न्यायची. टेकवायची नाही. उष्णतेनं नायलॉन आखडतो आणि तार ताठ होते. जरा जास्त जवळ गेली की तुटते.

ताण बरोबर आहे का हे ते उजव्या तर्जनीनं बघायचे. डोळे मिटून, बोटाचं पोट तारेवर अलगद टेकवायचे. मला ते पटकन कळलं, कारण मशीनच्या दोऱ्याचा ताण मीही बोटानंच बघते. डॉक्टर, नातेवाईक, सगळे त्यांना सांगायचे, नाना, ताण घेऊ नका. तेव्हा म्हणायचे, "मी घेत नाही हो, देतो."

एकदा मी विचारलं, की या तारा एवढ्या का? त्यांनी पेन्सिल काढली आणि माझ्याच बिलाच्या कागदामागे चित्र काढलं. खालून वर बाहेरच्या बाजूला जातात त्या उडत्या तारा. विमान उडताना हवा पंखांना वर उचलते, तेव्हा या ताराच पंख धरून ठेवतात. वरून खाली बाहेर येतात त्या उतरत्या तारा. विमान जमिनीवर उभं असताना पंख स्वतःच्या वजनानं खाली येऊ नयेत म्हणून. "आता माझं विमान," ते म्हणाले, "कधीच उडणार नाही. म्हणजे यातल्या निम्म्या तारांना जन्मात काम नाही."

"मग लावता कशाला?"

"ढिल्या दिसल्या की विमान मेलेलं दिसतं, ताई."

वहिनींबद्दल ते फारसं बोलत नसत. प्रशांतकडून कळलं ते एवढंच. धुळ्यात वहिनी गेल्या त्या सकाळी नानांचं एक विमान टेबलावर होतं, आतल्या तारा लावलेल्या, गोंद ओला, खाली चिमटे लटकलेले. स्मशानातून परत आले, अंघोळ केली, आणि सगळे पाहुणे बाहेरच्या खोलीत बसलेले असताना नाना आत गेले आणि एकेक चिमटा काढायला लागले. वहिनींची बहीण दारात उभी राहून बघत होती. ती किंचाळलीच, "अहो, काय करताय काय तुम्ही!" नाना म्हणाले, "गोंद सुकलाय. आता चिमटे राहिले तर पंख वाकतील." त्या बाईनं पुन्हा त्यांच्या घरात पाऊल टाकलं नाही. तेराव्यापर्यंत नाना रडले नाहीत आणि नंतरही नाहीत. नात्यात त्यांचं नाव दगड पडलं. प्रशांतच्याही मनात ते कुठेतरी होतं, त्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज चांगला नव्हता.

मला मात्र त्यात नवल वाटलं नाही. माझे मिस्टर गेले त्या दिवशी मी शिवायला आलेल्या ब्लाउजांवर नावाच्या चिठ्ठ्या लावत बसले होते. आतून सगळं गार पडलं की हात काहीतरी करत राहतात. त्याला लोक दगड म्हणतात, म्हणू देत.

ते विमान तसंच राहिलं. आतल्या तारा लावलेल्या, बाहेरच्या नाहीत. नाना त्याला 'हिच्या वेळचं' म्हणायचे. बाकीची सगळी जळगावला आली, आणि सगळ्यात शेवटी हे आलं. ते पूर्ण करायचं होतं त्यांना. बाकी काही मागणं नव्हतं त्या माणसाचं, ना देवाकडे ना मुलाकडे. आणि नेमकं तेव्हाच बोटांचं सुरू झालं.

साखरेनं होतं म्हणे तसं. आधी पायांना, मग हातांना. डॉक्टरांनी विचारलं, "बोटांना मुंग्या येतात का?" नाना म्हणाले, "यायच्या. आता येत नाहीत." डॉक्टर म्हणाले, "अरे वा, म्हणजे बरं आहे." नाना म्हणाले, "नाही. मुंग्या होत्या तोवर बोटं होती." डॉक्टरांनी मग टाचणी टोचून पाहिली. नाना टाचणीकडे बघत होते, आपलं बोट नसून दुसऱ्याचं असावं तसे. हे मला सूनबाईनं सांगितलं आणि तिनंच पदर डोळ्यांना लावला.

तरी नानांनी काम सोडलं नाही. बोटाला ताण कळेना, म्हणून ते तार खालच्या ओठाला टेकवून बघायला लागले. पंख तोंडापाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं विमानाचा मुका घेतायत, आणि मी तसं म्हणालेही. "घ्या थट्टा करून," ते म्हणाले, "ओठ अजून खरं बोलतात."

मग एका दुपारी सूनबाईला काहीतरी जळल्याचा वास आला. गॅस बंद होता. ती नानांच्या खोलीत गेली तर नाना तारेकडे टक लावून बसलेले, आणि अगरबत्तीचं टोक त्यांच्याच डाव्या अंगठ्याला टेकलेलं. वास त्या अंगठ्याचा होता. त्यांना पत्ता नव्हता. प्रशांतनं त्याच संध्याकाळी अगरबत्ती, ड्रिल, सुया, सगळं उचलून बँकेच्या बॅगेत घातलं आणि कुलूपबंद केलं.

मला हे कळलं आणि माझं डोकंच फिरलं. मी तरातरा त्यांच्या घरी गेले. प्रशांतला म्हटलं, "अरे, त्या माणसाला दुसरं आहे काय? एवढं एक विमान करतोय तर करू दे की! उद्या काढून घ्या म्हणावं श्वास पण!" खूप बोलले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "काकू, तुम्हाला अंगठ्याचंच माहीत आहे. आधीच्या आठवड्यात ड्रिल त्यांच्या बोटाच्या टोकातून आरपार गेलं होतं. ते तसेच पुढची तार ओवत होते. पंखावर लाल पडलं तर मला म्हणाले, रंग सांडला वाटतं, पुसून घे."

मी खाली बसले. पोरगा बरोबर होता आणि मला तोवर तो नुसताच कडक वाटत होता. वाईट वाटलं, सरळ सांगते.

पण नाना बघवत नव्हते. तक्रार नाही, रुसवा नाही. जेवायचे, औषध घ्यायचे, टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडे बघायचे. मी दुकानातला इलॅस्टिकचा दोरा उसवून त्यातली बारीक रबरी तार काढली आणि घेऊन गेले. म्हटलं, "नाना, हे बघा. याला ताण बघावाच लागत नाही. कसंही लावा, ताठच राहतं. अगरबत्ती नको, काही नको." त्यांनी ती दोन बोटांत धरून ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

"चांगली आहे," म्हणाले. "पण यात ताण नाही, ताई. ताणाचं नाटक आहे."

"लोकांना दिसत नाही हो नाटक!"

"मला माहीत असेल ना." त्यांनी ती रबरी तार नीट गुंडाळून माझ्या हातात परत दिली. मी इतकी चिडले की चहा न घेताच उठले.

तोडगा शेवटी प्रशांतनंच काढला. दुकानात आला, गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभा राहिला, आणि म्हणाला, "काकू, भोकं तर सगळी पाडून झालीयत. फक्त ओवायचं आणि ताणायचं राहिलंय. सुट्टीच्या दिवशी दुपारी तुम्ही त्यांच्याजवळ बसाल का? मी पण आतल्या खोलीत असेनच. नुसतं लक्ष ठेवायचं. मी जवळ बसलो की ते हातात घेत नाहीत." हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. काउंटरवरची बटणं चाळत होता.

नाना कबूल झाले, पण अट घालून. मी बसायचं, हात लावायचा नाही. मी म्हटलं, हातावर हात ठेवून बसते, मग तर झालं? आणि खरंच तशी बसले. अगरबत्ती मात्र माझ्या हातात, ते सांगतील तेव्हा आणि तिथे न्यायची, तेवढी सूट मिळाली. उन्हाळा होता. कूलर लावला तर दोरा हलतो म्हणून बंद. घामाच्या धारा, आणि नाना एकेक तार ओवतायत. दोरा भोकात जायचा नाही, कारण बोटांत दोरा आहे की नाही हेच बोटांना कळत नव्हतं. ते भिंगातून बघून धरायचे. निसटला की टेबलावर शोधायचा, पुन्हा धरायचा. डावीकडे एक, उजवीकडे एक. मला कितीदा वाटलं हिसकावून घ्यावं आणि चुटकीसरशी ओवून टाकावं. एका बैठकीत एक जोडी झाली तर खूप झाली. प्रशांत आतल्या खोलीतून पाणी घ्यायच्या निमित्तानं येऊन बघून जायचा.

असे बरेच सुट्टीचे दिवस गेले, आणि एका दुपारी सगळ्या तारा लागल्या. चिमटे काढले. नाना खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं, आता काही बोलतील. ते म्हणाले, "मोजून घेऊ."

तोवर त्यांचे डोळेही धुरकट झाले होते. भिंगाखाली एखादं टोक दिसायचं, पण अख्खी काळी तार खोलीतल्या मंद उजेडात त्यांना धड दिसत नव्हती, आणि ओठ टेकवायला इतकं नाजूक, पूर्ण झालेलं विमान उचलायची हिंमत होत नव्हती. म्हणून त्यांनी तर्जनी पुढे केली आणि पहिल्या तारेच्या जागी टेकवली.

"आहे?"

मला आधी प्रश्न समजला नाही. मग समजला.

"आहे, नाना."

बोट पुढे सरकलं. "आहे?"

"आहे."

असं करत आम्ही निघालो, मधून बाहेर, डावीकडे, उजवीकडे. उडती, उतरती, उडती, उतरती. त्यांचं बोट तारेवर टेकायचं आणि ते माझ्या तोंडाकडे बघायचे. माझा आवाज सपाट होता. आतही सपाटच होतं. प्रशांत आत येऊन दाराशी उभा राहिला होता. उजव्या टोकाची शेवटची उडती तार आली. नानांनी बोट टेकवलं. बोटाखाली काही नव्हतं. मघाशी चिमटा काढताना ती गोंदातून सुटली असणार, खाली पंखावर पडली होती.

"आहे?"

नुसतं 'आहे' म्हटलं असतं तर त्यांना कळलं नसतं. कळायला त्यांच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. पण ते माझ्याकडे ज्या पद्धतीनं बघत होते, त्यापुढे नाटक जमेना.

"नाही, नाना. ही सुटली."

त्यांचं बोट तिथेच, हवेत. मग म्हणाले, "मग लाव की. माझ्याकडे काय बघतेस?"

इतकी वर्षं मी 'ताई' आणि 'तुम्ही' होते. मी बारीक टोकाचा चिमटा उचलला, दोरा धरला, भोकात ओवला, गोंदाचा थेंब लावला, ओढला. नाना मला सांगतील 'अजून', 'बस', म्हणून मी वाट बघत होते. ते खिडकीकडे बघत होते. मग मीच बोटाचं पोट तारेवर टेकवलं, आणि मला वाटलं तिथे थांबले. गोंद बसेपर्यंत धरून राहिले. नानांनी तपासलं नाही. ओठ लावला नाही, बोट लावलं नाही. "झालं?" विचारलं, मी "झालं" म्हटलं, आणि त्यांनी ते विमान दोन्ही तळव्यांनी माझ्या बाजूला थोडंसं सरकवलं.

त्यानंतर पावसाळ्यात त्यांच्या पायाचं दुखणं निघालं, त्यांना नाशिकला नेलं, आणि तिथून ते परत आले नाहीत. मी त्यांना विमानापाशी पाहिलं ते त्याच दुपारी शेवटचं.

त्या दुपारी त्यांच्या दोन्ही हातांना गोंद लागला होता. "हात धुवा, नाना," प्रशांत म्हणाला आणि त्यांना बेसिनकडे घेऊन गेला. मी माझी पिशवी आवरत होते, तिथून मला दोघं पाठमोरे दिसत होते. भर उन्हाळ्यातली दुपार, गच्चीवरच्या टाकीचं पाणी, नुसता हात घातला तर कातडी सोलून निघेल असं. प्रशांतनं नळ सोडला. नानांनी दोन्ही हात पुढे केले. प्रशांतनं त्यांची मनगटं एका हातात धरून ठेवली, आणि दुसऱ्या हाताचं आपलं बोट धारेखाली धरून उभा राहिला. चटका बसत असणार, पण त्यानं बोट काढलं नाही. पाणी वाहत होतं. नाना हात पुढे करून, काही न विचारता, थांबले होते. बऱ्याच वेळानं प्रशांत म्हणाला, "हं. आता घाला."